फवारणी पंपाची बॅटरी आतून थकली आहे का? अंतर्गत रोध घरी मोजण्याची रीत

सोयाबीनची पहिली फवारणी तोंडावर आली की आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गावात पाठीवरचे बॅटरी पंप शेडमधून बाहेर निघतात, आणि त्याच आठवड्यात दोन-चार तरुण विटेएवढी काळी बॅटरी हातात घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसतात. तक्रार दरवर्षी तीच असते. "सर, मीटर तर पावणेतेरा दाखवायलंय, मग अर्ध्या टाकीतच पंप दम का सोडायलाय?" मीटर खरे बोलत असतो आणि पंपही खराच दमलेला असतो. दावणीला उभा असलेला बैल किती ओढेल हे त्याच्या अंगावरून कळत नाही, त्याच्या मानेवर जू टाकून पाहावे लागते. बॅटरीचेही तसेच आहे. निवांत बसलेल्या बॅटरीचा व्होल्टेज आणि कामाला लावलेल्या बॅटरीचा व्होल्टेज यांत जो फरक पडतो, तो मुख्यतः तिच्या अंतर्गत रोधामुळे, म्हणजे धारेला तिच्या आतच होणाऱ्या अडथळ्यामुळे पडतो, आणि हा रोध दोन मीटर व दोन बल्ब वापरून कोणालाही घरी मोजता येतो.

बॅटरीच्या आत शिशाच्या प्लेटा, त्यांच्यामधले सच्छिद्र पडदे, गंधकाम्लाचे द्रावण आणि एका सेलला दुसऱ्या सेलशी जोडणारे शिशाचे सांधे असतात. पंपाच्या मोटारीकडे जाणारी सगळी धारा आधी या सर्वांतून वाट काढते, आणि तारेला जसा रोध असतो तसा यांनाही असतो. मीटर लावताना जवळजवळ धाराच वाहत नाही, त्यामुळे आत काही खर्ची पडत नाही आणि आकडा भरलेला दिसतो. मोटार सुरू झाली की मात्र धारा आणि अंतर्गत रोध यांच्या गुणाकाराएवढा व्होल्टेज आतल्या आतच जातो. रोध ०.०४ ओहम असेल आणि पंप ३ अँपिअर घेत असेल तर ०.१२ व्होल्ट जातात, जे कोणाच्या लक्षातही येत नाही. तोच रोध ०.४ ओहम झाला तर १.२ व्होल्ट जातात आणि ३.६ वॅट उष्णता बॅटरीच्या पोटात तयार होते, म्हणूनच थकलेली बॅटरी चालताना कोमट लागते.

घरात बारावीचा विद्यार्थी असेल तर त्याला एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. धारा आणि रोध यांचा आपला प्रसिद्ध नियम शोधताना जर्मन शास्त्रज्ञ ओम यांनी सुरुवातीला त्या काळातले रासायनिक सेल वापरले, पण त्यांची धारा प्रयोग चालू असतानाच बदलत असे. अखेर पोगेनडॉर्फ या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून १८२६ साली त्यांनी बिस्मथ आणि तांबे यांची तापविद्युत जोडी (टोकांच्या तापमानातल्या फरकावर वीज देणारी) घेतली, तिचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले, आणि मग आकडे स्थिर आले. त्यांच्या मूळ समीकरणात छेदस्थानी दोन पदे होती: एक तपासायच्या तारेच्या लांबीचे आणि दुसरे उरलेल्या सगळ्या मांडणीचे. हे दुसरे पद म्हणजे आपण ज्याला आज अंतर्गत रोध म्हणतो त्याचेच जुने रूप होय. शाळेत नियम शिकवताना हे पद बहुधा गाळले जाते आणि मग पंप बंद पडला की कोडे पडते.

साहित्य आणि खबरदारी

दोन साधे डिजिटल मल्टिमीटर घ्यावेत. बाजारातले स्वस्त, पिवळे मीटरही चालतात, आणि दुसरा मीटर शेजाऱ्याकडून मागून आणला तरी हरकत नाही. भार म्हणून ट्रॅक्टरच्या किंवा जीपच्या हेडलाइटचा ६०/५५ वॅटचा बल्ब होल्डरसह घ्यावा, आणि त्याच्याबरोबर इंडिकेटरचा १० वॅटचा बल्बही घ्यावा. दोन्ही तारेचे, म्हणजे फिलामेंटचे असावेत; एलईडी फारच कमी धारा घेतो, त्यामुळे तो येथे कामाचा नाही. अडीच स्क्वेअरची (अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) तार आणि चिमटे घेतले की साहित्य पूर्ण झाले.

हेडलाइटसारखा मोठा भार का लागतो, हे समजून घेतले तर पुढची निम्मी चूक टळते. स्वस्त मीटरचा २० व्होल्टचा पट्टा ०.०१ व्होल्टच्या पायरीने आकडा दाखवतो. चांगल्या बॅटरीवर केवळ इंडिकेटर लावला तर व्होल्टेज ०.०३ ने उतरेल, म्हणजे मीटरच्या तीनच पायऱ्या, आणि त्यातली एक पायरी इकडे-तिकडे झाली तरी उत्तर एक तृतीयांशाने चुकेल. हेडलाइट लावला की हाच उतार वीस पायऱ्यांवर जातो. मग छोटा बल्ब कशाला, असे कोणी विचारेल. चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर वरवरचा चार्ज साचलेला असतो आणि तो मोकळा आकडा फुगवून दाखवतो. छोटा बल्ब काही वेळ जळला की ही सूज उतरते आणि मोजमाप खऱ्या पातळीपासून सुरू होते.

मीटरबाबत एक गोष्ट मी स्वतःच्या खिशातून शिकलो आहे. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या छिद्रात असताना तो मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तारच असते, आणि तशाच अवस्थेत तिची टोके व्होल्टेज पाहायला बॅटरीवर टेकवली की थेट शॉर्ट होते. अनेक स्वस्त मीटरांत त्या छिद्रामागे फ्यूजही नसतो. माझ्या मीटरची तार क्षणात वितळली, आणि ती बॅटरी या पंपांएवढी लहानच होती. गणित सोपे आहे: १२.७ व्होल्ट भागिले ०.०४ ओहम म्हणजे तीनशेहून अधिक अँपिअर. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा रोध याहून कितीतरी कमी असतो, त्यामुळे तिच्या दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर धारा हजारावर जाते आणि पाना लाल होतो. म्हणून काम सुरू करण्याआधी हातातली अंगठी आणि कडे काढून ठेवावे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे चार्जर काढल्यावर थोडा वेळ हवा खेळू द्यावी आणि भार जोडताना होणारी ठिणगी बॅटरीपासून हातभर लांब पडेल, अशा बेताने शेवटचा सांधा बल्बाच्या बाजूला करावा.

मोजणी

बॅटरी आधी पूर्ण चार्ज करावी आणि तासभर तशीच ठेवावी, कारण अर्धवट भरलेल्या बॅटरीचा रोध मुळातच जास्त येतो आणि तिला विनाकारण दोष लागतो. एक मीटर १० अँपिअरवर ठेवून बॅटरी आणि बल्ब यांच्या मधल्या तारेत ओळीने जोडावा. दुसरा मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून त्याच्या सुया थेट बॅटरीच्या टर्मिनलच्या धातूवर टेकवाव्यात. आता फक्त इंडिकेटरचा बल्ब लावून अर्धा मिनिट थांबावे आणि धारा व व्होल्टेज हे दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. त्यानंतर तो बल्ब चालू ठेवूनच हेडलाइटची एक तार त्याच्या जोडीला, म्हणजे समांतर, लावावी आणि पाच सेकंदांनी दोन्ही आकडे पुन्हा लिहावेत. पाच सेकंद थांबायचे ते अशासाठी की थंड फिलामेंट पहिल्या क्षणी कित्येक पट धारा ओढते आणि तापल्यावर स्थिरावते. आकडे लिहिताच हेडलाइट काढावा, कारण स्वस्त मीटर एवढी धारा दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सोसत नाहीत. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये. भाजते, आणि बोटाच्या तेलाने बल्बही लवकर जातो.

व्होल्टेजमधल्या फरकाला धारेमधल्या फरकाने भागले की अंतर्गत रोध मिळतो. गेल्या हंगामात माझ्या ओट्यावर एकाच दिवशी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या आल्या. पहिली त्याच वर्षी घेतलेली होती. छोट्या बल्बावर तिने ०.८ अँपिअर देताना १२.७२ व्होल्ट दाखवले आणि दोन्ही बल्बांवर ५.९ अँपिअर देताना १२.५१. फरक ०.२१ व्होल्ट आणि ५.१ अँपिअर, म्हणून रोध सुमारे ०.०४१ ओहम, म्हणजेच ४१ मिलिओहम. दुसरी तीन पावसाळे पाहिलेली होती आणि निवांत असताना तीही पावणेतेराच्या आसपासच होती. छोट्या बल्बावर ती १२.३१ वर आली. हेडलाइट लावताच उजेड पिवळा पडला, धारा ५.४ अँपिअरवरच थांबली आणि व्होल्टेज १०.४७ वर घसरला. १.८४ भागिले ४.६ म्हणजे ०.४ ओहम, नवीच्या जवळजवळ दहापट. मीटर नसता तरी बल्बाच्या त्या पिवळेपणावरून रोग कळला असता, आणि आमच्या तालुक्यातले जुने ऑटो इलेक्ट्रिशियन वर्षानुवर्षे तेच करत आले आहेत.

येथे एक फसगत नेहमी होते. ही दुसरी बॅटरी पहिल्यांदा मोजताना ती घेऊन आलेल्या तरुणाने व्होल्टमीटरच्या सुया टर्मिनलवर न लावता चिमट्यांवर लावल्या होत्या आणि रोध आणखी ०.०६ ओहमने जास्त आला. तो वाढीव रोध बॅटरीचा नव्हता, गंजलेल्या चिमट्याचा होता. धारा वाहून नेणारा सांधा आणि व्होल्टेज मोजणारा सांधा वेगळे ठेवणे, एवढीच मिलिओहम मोजण्याची गुरुकिल्ली आहे. पंपातही हाच प्रकार घडतो: पुष्कळदा बॅटरी ठणठणीत असते आणि तिच्या पत्तीवर बसणारी पितळी टोपी औषधाच्या फवाऱ्याने हिरवी पडून सैल झालेली असते. म्हणून निकाल देण्याआधी त्या टोपीच्या अलीकडे आणि पलीकडे सुया लावून पंप चालू असताना किती व्होल्ट जातात ते पाहावे. तेथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त गेले तर पॉलिश पेपरने घासून, टोपी पकडीने किंचित आवळून पुन्हा मोजावे.

आलेला आकडा बॅटरीच्या माहितीपत्रकाशी ताडू नये. कंपन्या सहसा एक हजार हर्ट्झच्या प्रत्यावर्ती (एसी) धारेवर मोजलेला रोध छापतात आणि तो आपल्या बल्बाच्या पद्धतीपेक्षा कमी येतो, कारण आपल्या पाच सेकंदांत रासायनिक क्रियेचा मंदपणाही मोजला जातो. बॅटरीची तुलना तिच्या स्वतःच्या पहिल्या आकड्याशीच करावी. नवी बॅटरी घरी आली त्याच दिवशी रोध मोजून तारखेसह तिच्या अंगावर मार्करने लिहून ठेवावा. माझा अनुभव असा की रोध दीडपट झाला की पंप अजून कुरकुर करत नाही, दुपटीला टाकी संपता संपता आवाज बदलू लागतो, आणि चौपटीनंतर ती बॅटरी फवारणीसाठी धरू नये. घरात छोट्या एलईडी दिव्याला ती वर्षभर सहज चालते, कारण तेथे धाराच थोडी लागते.

रोध वाढतो कशाने

पंपाच्या बॅटरीचा घात फवारणीत होत नाही, तो होतो नंतरच्या पाच-सहा महिन्यांत. हरभऱ्यावरची शेवटची फवारणी झाली की पंप जसा आहे तसा, बॅटरी अर्धवट उतरलेली असताना, पत्र्याच्या शेडमध्ये टांगला जातो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणी त्याकडे पाहत नाही. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेट असतेच. ते तसेच पडून राहिले की त्याचे बारीक कण एकत्र येऊन मोठे, घट्ट स्फटिक बनतात. हे स्फटिक विजेचे वाहक नाहीत आणि साध्या चार्जिंगने सहज विरघळत नाहीत, त्यामुळे प्लेटचा कामाचा पृष्ठभाग कमी होतो आणि रोध चढतो. त्यात आपल्याकडचा मे महिना. बाहेर ४२ अंश असताना पत्र्याखाली त्याहून बरेच जास्त असते, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, आतली गंज आणि पाण्याचे बाष्पीभवनही वाढते. त्यामुळे पंप ठेवताना बॅटरी बाहेर काढावी, पूर्ण चार्ज करावी, घरात मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवावी आणि दर दोन महिन्यांनी एकदा चार्ज करावी. अमावास्या लक्षात ठेवली तर विसर पडत नाही: एक सोडून एक.

उन्हाळ्याची आणखी एक गंमत आहे. ऊब वाढली की द्रावण जास्त सुलभपणे धारा वाहू देते, त्यामुळे मे महिन्यात मोजलेला रोध फसवा कमी येतो. परभणीत डिसेंबर-जानेवारीच्या ज्या पहाटे पारा दहा अंशांखाली जातो, त्या पहाटे तीच बॅटरी उघडी पडते. तुलना करायची तर दोन्ही मोजण्या साधारण सारख्या तापमानाला कराव्यात. रेडिओचे मंदावलेले सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरायची आपल्या वडीलधाऱ्यांची सवय याच तत्त्वावर उभी होती. त्या सेलांत नवी ऊर्जा भरत नसे, उरलेली बाहेर पडायला वाट मिळे.

ज्या बॅटऱ्यांना झाकणे असतात, म्हणजे ट्रॅक्टरच्या जुन्या पद्धतीच्या आणि इन्व्हर्टरच्या, त्यांत पाणी कमी होऊन प्लेटा उघड्या पडल्या तरी रोध वाढतो. त्यांत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. आपल्या बोअरचे पाणी क्षारांनी जड असते, हे चहाच्या भांड्यावरच्या पांढऱ्या थरावरून रोज दिसते. पण गावात मिळणाऱ्या थंड जारच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच, आणि "फिल्टरचे आहे, चालते" हा समज अनेक बॅटऱ्यांना भोवला आहे. वरून ॲसिड तर कधीच घालू नये, कारण उडून गेलेले असते ते पाणी.

ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टर

ट्रॅक्टरसाठी बल्बाचा भार पुरेसा नाही, तेथे स्टार्टरच भार म्हणून वापरावा. गिअर न्यूट्रलला असल्याची खात्री करून, इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरावी म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि एकाने चार-पाच सेकंद सेल्फ मारताना दुसऱ्याने बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज पाहावा. भरलेली बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली गेली तर तिच्यावर संशय घ्यावा. त्याआधी मात्र एक सुई शिशाच्या टर्मिनलच्या मधोमध आणि दुसरी त्यावर बसलेल्या केबलच्या क्लॅम्पवर टेकवून पुन्हा सेल्फ मारावा. या अर्ध्या इंचाच्या अंतरात मला एकदा ०.९ व्होल्ट सापडले होते. स्टार्टर २०० अँपिअर घेत होता असे धरले तर तो सांधा एकटाच साडेचार मिलिओहमचा होता, म्हणजे अख्ख्या चांगल्या बॅटरीएवढा, आणि त्याच्यावर १८० वॅट जळत होते. मालक नवी बॅटरी आणायला निघाला होता. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून पांढरी बुरशी धुतली, टर्मिनल घासले, वरून व्हॅसलिन लावले आणि ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात सुरू झाला. क्लॅम्प काढताना नेहमी बॉडीला जोडलेली ऋण केबल आधी काढावी आणि बसवताना शेवटी बसवावी. तसे केले की पाना बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही.

इन्व्हर्टरवर ६०० वॅटचा भार टाकला तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ६० अँपिअर जातात, आणि तेथे २० मिलिओहमही भारी पडतात, कारण १.२ व्होल्ट आतच संपतात आणि इन्व्हर्टर बॅटरी उतरली असे समजून बंद होतो. दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतील तर भार चालू असताना दोन्हींचा व्होल्टेज वेगवेगळा मोजावा. जी जास्त खाली बसेल ती दोषी. ओळीच्या जोडणीत रोधांची बेरीज होते, त्यामुळे एक जुनी आणि एक नवी अशी जोडी लावली तर जुनीचा रोध दोघींच्या वाट्याला येतो, शिवाय चार्जिंगही असमान होते. पैसे वाचवण्याचा हा मार्ग मी तरी कोणाला सुचवत नाही.

लिथियमच्या नव्या पंपांतही हीच मोजणी चालते. फक्त त्यांच्यातले संरक्षक सर्किट व्होल्टेज एका मर्यादेखाली गेला की धारा एकदम तोडते, त्यामुळे मंदावण्याची चाहूल मिळत नाही. आणि तो डबा घरी उघडू नये.

तो ०.४ ओहमचा पेशंट मी दोन दिवस अर्ध्या अँपिअरच्या हळू चार्जिंगवर ठेवून पाहिला. स्फटिक थोडे विरघळले असावेत, कारण रोध ०.३१ वर आला, पण पंपाला तेवढा पुरेसा नव्हता. त्या तरुणाने जिंतूरहून नवी बॅटरी आणली, दुकानातून थेट ओट्यावर आला, स्वतः दोन्ही मीटर लावले आणि तिच्या पाठीवर मार्करने लिहिले: "४३ मिलिओहम, १९ जुलै". जुनी त्याने गोठ्यातल्या दिव्याला लावली आहे.